धरलेल्या सात जागा

चहा घ्या, मग सांगतो. भीती वाटली तर लाजू नका, मीही घाबरलो होतो.

सेनगावहून संध्याकाळी सहाला सुटणाऱ्या साखरा गाडीचा मी कंडक्टर. दिवाळीनंतर दोघांनी वाटेतल्या वळणावर हात दाखवून गाडी थांबवली, आत चढून चाकू दाखवला आणि बायकांच्या गळ्यातलं ओढून नेलं. दोघं पुढे पकडले गेले, पण गाडी रिकामी झाली ती झालीच. माणसं थांब्यावर यायची, खिडकीतून डोकवायची, आत कुणी नाही म्हटल्यावर परत फिरायची. जो तो दुसरा आधी चढायची वाट बघणार! डेपोच्या साहेबांनी गाडी भरायला आठ दिवस दिले, नाहीतर फेरी बंद. साखऱ्याच्या फातिमाबींची लेक उझ्मा याच गाडीनं कॉलेजातून घरी जायची. फेरी गेली की पोरीचं शिक्षण संपलंच, आणि ते मला फार लागलं होतं.

मग मी लबाडी केली. खिडकीतून रुमाल टाकला की जागा धरली, तिथं बसायची कुणाची टाप नाही. घरातले सात जुने रुमाल सात सीटवर टाकले.

त्या दिवशी फातिमाबी लेकीला न्यायला आल्या होत्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

“जागा तर धरल्यात. माणसं कुठं हायेत, मास्तर?”

“चहाला गेल्यात. तुमी बसा.”

मायलेकी चढल्या, तसे मागून अकरा जण चढले. मी स्वतःवरच खूश झालो.

वळण जवळ आलं तेव्हा अंधारून आलं होतं. आणि वास आला... घामाचा, तंबाखूचा, माणसं दाटीनं बसल्यावर येतो तो. रिकाम्या सीट करकरल्या. एका रुमालाची घडी हळूहळू दबत गेली...

“मास्तर,” ड्रायव्हर रतनसिंग हळूच म्हणाला, “गाडी जड काहून लागून राहिली?”

मी फाडलेली तिकिटं मोजली, तेराच होती. तेवढ्यात फातिमाबी मागच्या रुमालाकडे वळल्या.

“भाऊ, काच लावता का? लेकराला वारा लागून राहिला.”

काच सरकली.

साखऱ्याला उतरताना त्या हसत होत्या. “लई दिवसांनी जिवाला बरं वाटलं. भली माणसं हायेत गाडीत. उद्यापासून उझ्मा एकटी येईल.”

रुमाल मी दुसऱ्याच दिवशी काढले. आता गाडी खचाखच भरते, फेरी चालू आहे आणि मी सुखात आहे, खरंच सांगतो. फक्त उझ्मा उतरली की दारातून बघत राहतो. ती बोळातून एकटीच जाते, बिनधास्त. पण ती पोचायच्या आधीच घराचं दार उघडतं आणि फातिमाबी “या, या” म्हणत बाजूला सरकून उभ्या राहतात... सात माणसं आत जायला लागतील इतका वेळ.