आतून वाजणारं फाटक

ही गोष्ट रचलेली नाही. रचायची असती तर रात्र घेतली असती, वादळ घेतलं असतं. हे भर दुपारी घडलं, माझ्या आत्याच्या घरी, समोर दोरीवर कपडे वाळत असताना.

विश्वास ठेवा, नका ठेवू. आत्याचं त्यावाचून काही अडत नाही.

आत्या शिवणकाम करते. जिभेला सुईपेक्षा जास्त धार. तिची धाकटी जाऊ अगदी उलट, मऊ बोलणारी. दोघींचे नवरे गेलेले, घरात दोघीच. गल्ली त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायची.

धाकटीचा दुपारचा उद्योग एकच. फाटकामागच्या पायरीवर बसायचं आणि गजांमधून अनोळखी माणूस दिसला की विचारायचं, "कुणाकडे?"

बस, एवढंच. पण ज्याच्या मनात काळंबेरं, तो त्या एका प्रश्नाने पुढची वाट धरायचा.

मग गल्लीच्या त्या टोकाला चोरांनी दोन घरं फोडली. गल्लीचे चेअरमन, समोरच राहणारे, जागे झाले. त्यांनी फर्मान काढलं. सगळ्या फाटकांचे गज पत्र्याने झाकायचे. चोराला आतलं काही दिसताच कामा नये.

"चोराला दिसणार नाही, तसं शेजाऱ्यालाही दिसणार नाही," धाकटी म्हणाली.

"वहिनी, तुम्ही भाजी निवडा. बंदोबस्ताचं आम्ही बघतो."

सगळे हसले. आत्या त्या हसण्याबद्दल आजही दातओठ खाते.

वेल्डर आला. घरामागून घर, ठोकाठोक सुरू झाली. दुपारची झोप गेली म्हणून लोक कुरकुरले, पण पत्रे चढले. गल्ली म्हणजे दोन बाजूंना दोन भिंती झाली.

टोकाची दोन-चार फाटकं तेवढी बाकी होती. त्या दुपारी आत्या शिवलेले कपडे द्यायला बाहेर गेली होती.

चोर मागच्या भिंतीवरून आला. धाकटी आडवी गेली. त्याने तिला ढकललं आणि हाती लागेल ते घेऊन पळाला. तिचं कंबरेचं हाड मोडलं. सरपटत ती फाटकापर्यंत आली. कडीपर्यंत हात पोचेना. पलीकडे माणसांची गल्ली आणि मध्ये पत्रा.

ओरडण्याएवढं बळ उरलं नव्हतं. ती पत्रा वाजवत राहिली.

ठण... ठण... ठण...

सगळ्या गल्लीने ऐकलं. सगळ्यांना वाटलं, वेल्डर.

कुणी खिडकी लावली, कुणी कानावर उशी घेतली. आत्या संध्याकाळी परतली, वरून हात घालून कडी काढली, तरी फाटक ढकलता ढकलेना. आतून धाकटी त्याला टेकून बसली होती. अंग गार पडलं होतं.

काही दिवस गेले. आत्या मशीनवर बसली होती. दुपार. गल्लीत चिटपाखरू नाही.

ठण...

आत्याचा पाय थांबला.

ठण... ठण...

ती उठून अंगणात गेली. कुणी नव्हतं. पत्रा मात्र अजून थरथरत होता. आणि खाली, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल तिथे... एक पोचा. दुसऱ्या दिवशी तो आणखी खोल.

दुसरी कुणी घाबरली असती. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता कुणाला उठवतेस गं?" ती रिकाम्या अंगणात ओरडली. "तेव्हा उठले नाहीत मेले!"

तिने वेल्डरला बोलावलं. "काढ हा पत्रा. आत्ताच्या आत्ता."

वेल्डर मान खाली घालून पत्रा कापत राहिला. मग मशीन बंद करून म्हणाला, "मावशी, त्या दिवशी मी कामाला आलोच नव्हतो. पोरगी आजारी होती. चेअरमनसाहेबांचा फोन आला होता, ठोकाठोक बंद कर, झोपू दे म्हणून. मी म्हटलं, साहेब, मी घरी आहे, मग कोण वाजवतंय ते बघा जरा."

"मग?"

"म्हणाले, बघतो."

आत्या तशीच अनवाणी रस्ता ओलांडून गेली. चेअरमनांचं फाटक तिने दोन्ही हातांनी बडवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं! वेल्डर नाही हे ठाऊक होतं! समोरचं फाटक, दहा पावलं नाहीत, आणि तुम्ही कूस बदललीत?"

"वहिनी, गैरसमज होतोय. मी उठणारच होतो. डोळा लागला."

"बंदोबस्त म्हणे! कुलपं लावलीत, पत्रे ठोकलेत. एकाने उठून 'कोण आहे' एवढं विचारलं असतं तर माझी धाकटी जगली असती!"

चेअरमनांनी फाटक लावून घेतलं.

आत्याच्या घरचा आवाज त्या दिवसापासून थांबला.

आणि समोर सुरू झाला.

चेअरमनांनी पत्रा काढून टाकला. मग गल्लीतल्या सगळ्यांनीच काढले. गजांमधून पुन्हा अंगणं दिसू लागली. पण आवाज गेला नाही, फक्त आत सरकला. आधी पुढच्या दारावर... मग झोपायच्या खोलीच्या दारावर. आतल्या बाजूने. खालून.

एका दुपारी चेअरमन आत्याच्या फाटकाशी आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यांच्या उघड्या घरातून आवाज येत होता.

ठण... ठण...

लाकडाच्या दारातून पत्र्याचा आवाज.

"वहिनी, तुम्हाला ऐकू येतंय ना? घरात कुणी म्हणजे कुणी नाही. एकदा याल माझ्याबरोबर?"

आत्याला स्वच्छ ऐकू येत होतं.

"वेल्डर असेल," ती म्हणाली, आणि मशीनवर जाऊन बसली.

त्यांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. घराला कुलूप लागलं.

मी आत्याला विचारलं, बरं वाटलं का गं तेव्हा? "वाटलं," ती फटकन म्हणाली. मग बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. तो काही ओवला जाईना.

आता दुपारी कुठेही काही वाजलं, कुणाचं भांडं पडलं तरी, आत्या काम टाकून फाटकाशी जाते. "कोण आहे?" विचारते. उत्तर मिळेपर्यंत हलत नाही.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे होतो. समोरच्या बंद घरातून आवाज आला. आत्या उठली. मी तिच्या मागे. ती त्या कुलूपबंद फाटकासमोर उभी राहिली.

"कोण आहे?"

आवाज थांबला.

मग आतून, पायरीच्या उंचीवरून, मऊ आवाजात कुणीतरी विचारलं...

"कुणाकडे?"