अपेक्षित उत्तर

पॅकेज बांधण्याचं काम बाहेरून पाहणाऱ्याला फार कंटाळवाणं वाटतं, आणि खरं सांगायचं तर ते तसंच आहे. कुणीतरी दूरदेशी बसून एक प्रोग्राम लिहितो. तो इंदूरच्या मशीनवर शहाण्यासारखा चालतो आणि भोपाळच्या मशीनवर रुसून बसतो. मग मधल्या कुणाला तरी त्याचं सगळं सामानसुमान गोळा करून, कुठली फाइल कुठं ठेवायची ते ठरवून, एक नीट गाठोडं बांधावं लागतं. समोरच्यानं एक कमांड दिली की काम फत्ते. लिनक्सवर अशी गाठोडी बांधण्यात संबोधी खरातचा हात धरणारं इंदूरच्या सुदामा नगरात कुणी नव्हतं. सुदामा नगरात हे काम करणारंच दुसरं कुणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

२००४ चा मार्च. मालक शरदचंद्रजींच्या घराचा वरचा मजला म्हणजे ऑफिस. त्यांचे पूर्वज होळकर दरबारात कारकून होते, हे ते दर दोन दिवसांनी सांगत, आणि त्या आठवड्यात तर रोजच सांगत होते, कारण काम सरकारी होतं. शहरातल्या बंद मिलच्या जमिनी नकाशावर आणायच्या होत्या. खुलं धोरण आलं, एकेक भोंगा गप्प झाला, आणि आता उरलेल्या जमिनी कुठून कुठवर आहेत ते भोपाळला बसून कुणालातरी बघायचं होतं.

साध्या डेटाबेसला नावं कळतात, आकडे कळतात, जागा कळत नाही. त्याच्यावर एक एक्स्टेंशन चढवलं की त्याला जागाही कळू लागते. अमुक बिंदू अमुक हद्दीच्या आत आहे का, असं विचारलं की तो एका अक्षरात उत्तर देतो. आत असेल तर टी, म्हणजे ट्रू; बाहेर असेल तर एफ, म्हणजे फॉल्स. हे एक्स्टेंशन भोपाळच्या मशीनवर बिनबोभाट बसावं म्हणून संबोधी त्याचं पॅकेज बांधत होती.

पॅकेज तयार होताना मशीन स्वतःचीच परीक्षा घेतं. प्रश्न ठरलेले, उत्तरंही ठरलेली. अपेक्षित उत्तरांची एक फाइल असते. मशीनचं उत्तर तिच्याशी एका अक्षरानं जरी जुळलं नाही, तरी काम तिथंच थांबतं. एक्स्टेंशनबरोबर आलेले प्रश्न चौकोन-त्रिकोणांचे होते, कुठल्याच गावचे नसलेले. संबोधीचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. ज्याचं उत्तर आपण डोळ्यांनी पाहिलंय असा प्रश्न परीक्षेत हवाच, हा तिचा हट्ट होता.

म्हणून रविवारी ती ऑफिसचं जीपीएस यंत्र घेऊन परदेशीपुऱ्यात, आपल्याच घराजवळच्या भगीरथ मिलच्या भिंतीभोवती फिरली. हद्द मोजून झाली. मग भिंतीबाहेरच्या ओळखीच्या जागा घेतल्या: विष्णू भियाचा पोह्यांचा ठेला, विजेचा खांब, वडाचं झाड. आणि सगळ्यात शेवटी बाबांचा ओटा.

हा ओटा म्हणजे मिलच्या गेटसमोर, रस्त्याच्या कडेला पडलेली एक काळी फरशी. बाबा, म्हणजे दगडू खरात, विणकाम खात्यात मुकादम होते, जॉबर म्हणत त्यांना. मिल बंद झाली त्याला बारा वर्षं झाली होती. गेटला साखळदंड पडला, मग वेल्डिंग झालं, गेटमागं गवत माजलं. पण बाबांचे वडील महूच्या पलटणीतले, शिस्त रक्तातच. पहिल्या पाळीच्या वेळेला डबा आणि छत्री घेऊन बाबा घरातून निघत, रस्त्याकडे पाठ करून गेटकडे तोंड करून त्या ओट्यावर बसत, आणि पाळी सुटायच्या वेळी घरी येत. सुरुवातीला आळी हसली. पुढं लोक त्यांच्यावर घड्याळ लावू लागले. संबोधीला कॉलेजात असताना याची इतकी लाज वाटायची की मैत्रिणींना ती लांबच्या रस्त्यानं घरी आणायची. आता लाज उरली नव्हती. त्या पाठमोऱ्या बाबांना बघून तिचा जीव तुटायचा.

“बाबा, उठा जरा.”

ते उठले, गमछ्यानं फरशी झटकली. तिनं यंत्र तिथं ठेवलं.

“काय मोजतेस बेटा?”

“तुम्ही मिलच्या आत आहात की बाहेर, ते.”

“त्याच्यासाठी मशीन कायको पाहिजे? माझ्याकडून ऐक ना. बाहेर.” ते गेटकडे बघत राहिले. “बारा साल से बाहेर.”

तिनं त्या बिंदूला नाव दिलं, बाबा.

सोमवारी परीक्षा सुरू झाली. चौकोन-त्रिकोण पास. ठेला बाहेर, खांब बाहेर, वड बाहेर. सगळीकडे एफ. आणि मग बाबा: अपेक्षित एफ, आलेलं उत्तर टी.

“जीपीएसचा एरर,” शेजारच्या टेबलावरचा ऋषभ म्हणाला. “भिंतीला खेटून आहे ना पॉइंट? सरकला असेल थोडा आत.”

हे पटण्यासारखं होतं. तिनं हद्द आणि बिंदू कागदावर छापून काढले. बिंदू बाहेर होता, भिंतीपासून चांगला सुटा, रस्त्यावर. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली असेल म्हणून तेही तपासलं. नव्हती झाली. मदतीला लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्या नव्यानं चढवल्या. ऋषभच्या मशीनवर सगळं काम पहिल्यापासून केलं.

टी.

मग गंमत म्हणून तिनं त्याच बिंदूच्या जरा डावीकडचा बिंदू विचारला. एफ. जरा उजवीकडचा. एफ. रस्त्याच्या बाजूला, भिंतीच्या बाजूला, दोन्हीकडे एफ. त्या सगळ्या रस्त्यात फक्त एका फरशीएवढी जागा मिलच्या आत होती.

“भिया, हे तर भूत आहे,” ऋषभ हसला आणि जेवायला गेला. संबोधीला हसू आलं नाही.

मंगळवारी दुपारी शरदचंद्रजी तिसऱ्यांदा दाराशी आले. “संबोधीजी, शामच्या बसनं सीडी जायला पाहिजे. एक टेस्टसाठी सगळं अटकवून ठेवणार का तुम्ही?”

पॅकेज बांधणाऱ्यांच्या जगात अशा वेळी एक पळवाट असते. ती कुणी शिकवत नाही आणि सगळ्यांना येते. मशीनचं उत्तर बदलत नसेल तर अपेक्षित उत्तर बदलायचं. जे आलं तेच हवं होतं असं लिहून टाकायचं. प्रश्नच काढून टाकता आला असता, पण त्याच्यावर बाबांचं नाव होतं. ते पुसणं तिच्या जिवावर आलं. तिनं फाइल उघडली, एफ खोडून टी केलं आणि परीक्षा पुन्हा लावली.

सगळं पास.

खोलीत वास आला. खळीचा आंबूस वास, त्यात मशीनच्या तेलाचा. लहानपणी बाबा पाळीवरून आले की दारातच यायचा तो. तेव्हा त्यांच्या भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे आणि आई ते एकेक करून नखानं काढायची. सुदामा नगरात, मार्चच्या उन्हात, पंख्याखाली तो वास क्षणभर थांबला आणि गेला. खाली कुणीतरी कपड्यांना स्टार्च करत असेल, असं संबोधीनं स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात फोन वाजला. आई, मीराबाई, घराजवळच्या पीसीओवरून बोलत होती.

“बोधी, पाळी सुटायची टाइम होऊन गेली. बाबा नाही आले अजून. काय माहीत कुठं अटकले. माझ्या गुडघ्यानं तिथवर जाववत नाही गं.”

बारा वर्षांत बाबांना कधी उशीर झाला नव्हता. संबोधीनं स्कूटी काढली.

गेटसमोर ओटा नव्हता.

फरशी कुणी उचलून नेली असती तर खाली ओल, किडे, मातीत उमटलेला चौकोन असं काहीतरी दिसलं असतं. तिथं सपाट रस्ता होता, आणि त्यावर सायकलींचे जुने माग होते. तिनं मान वर केली. गेटच्या गजांपलीकडे, आत, गवतात काळी फरशी होती. फरशीवर छत्री, डबा, आणि पाठमोरे बाबा.

 संबोधी स्कूटी तिथंच लावून ठेल्याकडे धावली.

“विष्णू भिया,” ती कशीबशी म्हणाली, “बाबा आत कसे गेले?”

ठेल्यावरचा विष्णू पोहे हलवत होता. “आत म्हणजे? ते तर रोज तिथंच बसतात ना. इसमें नया काय?”

“पण गेट तर बंद आहे! वेल्डिंग आहे!”

विष्णूनं गेटकडे पाहिलं. वेल्डिंगवर गंज चढला होता, साखळदंडाला वेल गुंडाळला होता. त्याचा झारा थांबला. “हां यार,” तो हळूच म्हणाला. “असा विचारच नाही केला कधी.” आणि पुन्हा पोहे हलवू लागला.

तिनं गज धरले. हलले नाहीत. भिंत कुठं फुटलेली नव्हती. परवाच तर ती सगळी फिरून आली होती.

“बाबा!”

त्यांनी मान वळवली. मिल बंद झाल्यापासून ते असे हसलेले तिनं पाहिले नव्हते. भुवया पांढऱ्या दिसत होत्या. त्या तर कालपर्यंत काळ्या होत्या.

“बघ बेटा,” ते म्हणाले. “आत.”

“बाबा, इकडं या. घरी चला. आई वाट बघतेय.”

“पाळी सुटली की येतो ना.” आणि त्यांनी पुन्हा मिलकडे तोंड केलं.

ती परत सुदामा नगरला कशी पोचली हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. शरदचंद्रजी सीडीवर पेनानं नाव लिहीत होते. तिनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

“अरे! पास झालं होतं ना?”

“चुकीचं पास झालं होतं.”

तिला पहिल्यांदा वाटलं, प्रश्नच काढून टाकावा. बोट त्या ओळीवर गेलंही. मग तिनं हात मागं घेतला. प्रश्नच उरला नाही, तर ओटा कुठं राहील? आतही नाही आणि बाहेरही नाही?

तिनं टी खोडलं. एफ लिहिलं. इतक्या वर्षांत तिनं हे अक्षर हजारदा लिहिलं असेल, पण या वेळी ते तिनं दोनदा वाचून पाहिलं. मशीननं सावकाश एकेक प्रश्न सोडवला. चौकोन. त्रिकोण. ठेला. खांब. वड.

बाबा: पास.

दोन दिवस जे मशीन ऐकत नव्हतं, त्यानं निमूट मान्य केलं. तिला रडूच फुटलं. ऋषभ “काय झालं, काय झालं” करत पाणी घेऊन आला तोवर ती जिना उतरली होती.

परदेशीपुऱ्यात उन्हं कलली होती. वळणावरूनच दिसलं: ओटा बाहेर होता. रस्त्याच्या कडेला, आपल्या जागी, छत्रीसकट, डब्यासकट.

बाबा नव्हते.

तिनं फरशीवर हात ठेवला. मधोमध ऊब होती.

“विष्णू भिया, बाबा?”

“आत्ताच उठले इथून. आत गेले.” विष्णू ठेला आवरत होता. “भोंगा झाला ना.”

“कुठला भोंगा?”

“मिलचा. तुला नाही ऐकू आला?”

ती गेटशी धावली. गंजलेलं वेल्डिंग, वेल, गवत. पलीकडे शेडची मोडकी रांग. गवत कुठंही दबलेलं नव्हतं. तिनं हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या.

मग तिला कळलं, आणि कळलं तेव्हा ती त्या ओट्यावरच मटकन बसली. नाव तिनं बाबा दिलं होतं. मोजला होता तो दगड. बाबा तर तेव्हा उठून बाजूला उभे होते. दगडाबद्दल तिनं विचारलं आणि दगड परत आला. बाबांबद्दल विचारायला त्यांची जागा माहीत हवी होती.

तिनं डबा उचलला. हलका लागला. उघडला तर जेवून, घासून, धुतलेला होता. तळाशी पाण्याचे थेंब होते. त्या रस्त्याला नळ नव्हता. नळ होता तो आत, विणकाम खात्याच्या दाराशी, आणि त्याचं पाणी मिल बंद झाली त्याच साली तोडलेलं होतं.

अंधार पडायच्या आत ती घरी आली. काय सांगायचं ते तिनं वाटेत दहा वेळा जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. तिनं नुसता डबा पुढं केला.

आईनं तो हातात घेतला. झाकणाच्या कडेला अडकलेला कापसाचा तंतू तिनं नखानं काढला, पूर्वी काढायची तसाच.

“डबल पाळी लागली वाटतं,” ती म्हणाली, आणि पीठ मळायला घेतलं.