मानाचा दगड

शनिवारी दुपारी साडेबाराला मी क्लबच्या किचनमध्ये बटाटेवडे मोजत होते. चौसष्ट भरले. माणसं बत्तीस येणार होती, म्हणजे प्रत्येकी दोन. पण अ‍ॅलेक एकटा पाच खातो आणि मोइराला डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय, तेव्हा जमून जाईल असं वाटलं. चाळीस वर्षं मी ग्लासगोला हॉस्पिटलात फार्मासिस्ट होते. गोळ्या मोजण्यात जन्म गेला, त्यामुळे काहीही मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आमचं ड्रमलारी गाव ग्लासगोच्या उत्तरेला दोन तासांवर आहे. वस्ती सहाशे अकरा, दुकान एक, चर्च दोन, आणि कर्लिंगचा बंदिस्त रिंक एक. भारतातून कुणी आलं की मी सांगते, बर्फावरचा कॅरम समजा. फक्त स्ट्रायकर एकोणीस किलोच्या दगडाचा आणि बोर्ड पन्नास-साठ पावलं लांब. दगड सोडला की दोघं जण त्याच्या पुढे ब्रशने बर्फ घासत धावतात, म्हणजे तो आणखी दूर जातो. निवृत्तीनंतर आम्ही नवराबायको इथे राहायला आलो तेव्हा मला हा खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटला होता. दोन वर्षांत मी क्लबची सेक्रेटरी झाले. तक्रार न करता सभांची मिनिट्स लिहिणारं माणूस त्यांना तोवर मिळालंच नव्हतं.

रिंकच्या भिंतीवर ओकची एक मोठी पाटी आहे. क्लबचं नाव काढलेल्या खेळाडूंची आणि क्लबसाठी राबलेल्या माणसांची नावं तिच्यावर १९२१ पासून सोनेरी अक्षरांत लिहिलेली आहेत. आता शेवटची एकच ओळ रिकामी होती. ती भरली की नवी पाटी नाही. दारात स्क्रीन लागणार आणि त्यावर प्रत्येक नाव सहा-सहा सेकंद झळकणार. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

ती ओळ कमलाकरांची होती. हे मी त्यांची बायको म्हणून म्हणत नाही, कमिटीने एकमताने ठरवलं होतं. खेळाडू म्हणून ते यथातथाच, पण चौदा वर्षं त्यांनी बर्फ तयार केला. सामन्याआधी पाठीवर कोमट पाण्याची टाकी घेऊन बर्फावर थेंब शिंपायचे असतात. त्यांचे गोठून दाणे होतात आणि दगड त्या दाण्यांवरून पळतो. कमलाकरांचा उजवा खांदा जाम, त्यामुळे ते डाव्या हाताने शिंपत. खेळायच्या तीन पट्ट्यांपैकी सुरुवात तीन नंबरपासून करत, टाकी काठोकाठ भरलेली असताना, आणि तिथे हात जड पडे. परिणामी तीन नंबरवर प्रत्येक दगड शेवटी वीतभर डावीकडे झुकायचा. लोक कुरकुरायचे. हे म्हणायचे, "बर्फालाही थोडा स्वभाव असू द्या की."

गेल्या वर्षी समारंभाला अकरा दिवस उरले असताना ते गेले. हार्ट. चहाचा कप भरलेलाच राहिला.

आणि नियम असा, की ज्याचं नाव लागायचं त्याने समारंभाच्या दिवशी स्वतःच्या हाताने एक दगड टाकायचा. त्याला मानाचा दगड म्हणतात. कुणी ब्रशने मदत करायची नाही, आणि दगड पलीकडच्या लाल रेघेपुढे गेला पाहिजे. हयात नसलेल्यांची सोय नाही. तीन वर्षांपूर्वी पोस्टमास्तर फर्गसच्या मुलींनी वडिलांसाठी विनंती केली होती, तेव्हा नियमांचं पुस्तक उघडून "क्षमस्व" म्हणणारी मीच होते. आता स्वतःच्या नवऱ्यासाठी कुठल्या तोंडाने मागणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, अशातली गत झाली असती. मी गप्प बसले. यंदा मोइरा बेअर्डची निवड झाली. एकोणऐंशी वर्षांची, तीस वर्षं तिने शाळेच्या पोरांना हा खेळ शिकवला. तिची निवड योग्यच होती, आणि तरी आठवडाभर मला नीट झोप नव्हती.

आसावरी केंब्रिजहून मुद्दाम आली होती. ती वडे ट्रेमध्ये लावता लावता म्हणाली, "आई, तू सेक्रेटरी आहेस ना? जस्ट बेंड द रूल. बाबाचा नाव नाही लागला तर तो पाटी काय कामाचा?"

"ती पाटी," मी म्हटलं. "आणि नाही."

तेवढ्यात अ‍ॅलेक आत आला. आमचा अध्यक्ष तोच आणि हल्ली बर्फ करणाराही तोच. त्याने वड्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"सुप्रभा, तीन नंबर तू कुणाकडून करून घेतलास?"

"काय करून घेतला?"

"शिंपून झालाय. मी सकाळी आलो तेव्हा झालेला होता. कुलूप मीच उघडलं."

मी त्याच्याबरोबर बाहेर गेले. दुपारचं ऊन छताच्या काचांतून उतरलं होतं आणि बर्फावरचे दाणे स्पष्ट दिसत होते. एक आणि दोन नंबरवर ते सारखे पसरले होते. तीन नंबरवर डाव्या बाजूला दाट, उजवीकडे विरळ. पावलाची खूण कुठेही नव्हती. अ‍ॅलेकने कोपऱ्यातल्या कमलाकरांच्या जुन्या टाकीवर हात ठेवला आणि मलाही ठेवायला लावला. टाकी कोमट होती.

"तूच केलं असशील आणि विसरला असशील," मी म्हटलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाबद्दल हे अनुमान काही अगदीच वावगं नव्हतं.

"असेल," तो म्हणाला. पण जाताना त्याने टाकीवर पुन्हा एकदा हात ठेवून बघितला.

एक वाजता लोक जमले. समारंभाआधी तिन्ही पट्ट्यांवर मैत्रीचे सामने असतात. तीन नंबरवरचा पहिला दगड सरळ गेला आणि शेवटी वीतभर डावीकडे झुकला. कुणीतरी हसलं. दुसराही झुकला. तिसऱ्याला बाकांवरून आवाज आला, "अरे, हा तर कमलचा बर्फ." सगळे हसले, आणि ते हसणं इतकं मायेचं होतं की मला भरून आलं. मी मनाशी कारणं जुळवली: मार्चमधलं ऊन, बत्तीस माणसांचे श्वास, जमिनीखालच्या थंडाव्याच्या नळ्या. कारणं चांगली होती. फक्त ती गेल्या मार्चपासूनच्या सगळ्या शनिवारी का लागू पडली नाहीत, हे मला सांगता येईना.

तीन वाजता मोइरा मानाच्या दगडासाठी तीन नंबरवर आली. तिला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, म्हणून ती दगड काठीने ढकलते. काठीचं टोक दगडाच्या मुठीत बसतं. निळा स्कर्ट, मोत्यांच्या कुड्या, केस सेट केलेले. मी रेघेपाशी मिनिट्सची वही घेऊन उभी होते, आसावरी माझ्या शेजारी. रिंकमध्ये फक्त कूलिंगच्या मशीनची घरघर होती.

दगड निघाला.

फार हळू निघाला. अर्ध्या वाटेतच मला कळलं की हा रेघेपर्यंत पोचायचा नाही. मोइराचाही मान हुकणार, ओळ रिकामीच राहणार. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. नंतर त्याची लाज वाटली.

मग ब्रशचा आवाज आला.

खसखस, खसखस, एका लयीत. सगळ्यांनी मान वळवली. सगळे ब्रश भिंतीला टेकलेले होते. दगडाच्या पुढे कुणी नव्हतं. बर्फावर मात्र एक ओलसर चकचकीत वाट उमटत होती आणि दगड तिच्यावरून येत होता. त्याने रेघ ओलांडली, वीतभर डावीकडे झुकला आणि पलीकडच्या टोकाला आखलेल्या निशाणाच्या वर्तुळात मधोमध थांबला.

टाळ्या सुरू झाल्या. मोइराने हात वर करून त्या थांबवल्या.

"तो मी टाकलेला नाही," ती म्हणाली.

या खेळात आमच्यासारख्या क्लबला अंपायर नसतो. चालत्या दगडाला चुकून बूट लागला तर ज्याचा लागला त्याने आपण होऊन सांगायचं, आणि त्याचा शब्द अखेरचा. बर्फावर कुणी कुणाला पुरावा मागत नाही. पण मी मागितला, कारण मला दया नको होती.

"मोइरा," मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "तू हे माझ्यासाठी करत असशील तर नको करूस."

तिने माझ्याकडे बघितलं. ती रागावली होती. "साठ वर्षं खेळतेय मी. बर्फावर खोटं बोलले नाही. प्रेमापोटीसुद्धा नाही." मग तिने काठी दाखवली. "मी काठी मुठीत बसवायला खाली नेली, तोवर मूठ दुसऱ्या कुणीतरी धरली होती. दगड माझ्यापुढून गेला. मी नुसती उभी होते."

"कुठल्या हाताने धरली होती?"

मी हे का विचारलं, मला माहीत नाही. मोइराने आपला डावा हात पुढे केला.

आसावरीने माझी बाही घट्ट पकडली.

अ‍ॅलेक घसा खाकरून म्हणाला, "खेळाडूने सांगितलंय. सेक्रेटरी, नोंद कर. मानाचा दगड कुणी टाकला?"

एकतीस माणसं माझ्याकडे बघत होती. नियम मला पाठ होता. समारंभाच्या दिवशी, स्वतःच्या हाताने, रेघेपुढे. ब्रशची मदत कुणी केली असं एकाही सभासदाने सांगितलं नव्हतं. मी उभ्या उभ्याच वहीत नाव लिहिलं. कमलाकर. वर्षभर छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि मी सगळ्यांदेखत रडले.

"मला आपलं स्क्रीनवर घाला," मोइरा म्हणाली. "फोटोसकट. केस आजच सेट केलेत." लोक मोकळेपणी हसले.

त्यानंतर हस्तांदोलन. मानाचा दगड टाकणारा जिथून टाकतो तिथेच उभा राहतो आणि सगळा क्लब रांगेने, हातमोजे काढून, त्याच्याशी हात मिळवतो. अ‍ॅलेकने विचारलंही नाही. त्याने हातमोजा काढला, तिथे जाऊन रिकाम्या जागेत हात पुढे केला. मग बाकीचे त्याच्या मागे उभे राहिले.

रांगेच्या शेवटी होते मी, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. जाताना माणसं ओशाळून हसत होती.

परत येताना कुणी हसत नव्हतं. कुणी घाबरलेलंही दिसेना. चर्चमधून बाहेर पडताना असतात तसे त्यांचे चेहरे होते. प्रत्येक जण आपला उजवा हात दुसऱ्या हातात धरून येत होता.

आसावरी तिथे बराच वेळ थांबली. परतली तेव्हा माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाली, "आई, जा. तो वाट बघतोय."

मी हातमोजा काढून खिशात घातला. हात पुढे केला.

चार वाजेपर्यंत लोक चहाकडे गेले. सव्वाचारला वडे संपल्याचं कुणीतरी ओरडून सांगितलं. साडेचारला अ‍ॅलेक किल्ल्यांचा जुडगा घेऊन बर्फाच्या कडेला येऊन उभा राहिला.

"सुप्रभा," तो म्हणाला, "दिवे घालवू का?"

"थांब जरा," मी म्हटलं. "अजून हात सोडत नाहीयेत."