दार धरून उभा तानबा

खोटं वाटत असेल तर वर्ध्याला या, इमारत दाखवतो. बाहेरूनच हं. आत मी येणार नाही.

२००३ चा मार्च. भर दुपार. भुतांना अमावास्याच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा गप बसावं.

घनश्याम माझा मावसभाऊ. किराणा दुकानवाला. घर चार मजली इमारतीत, अगदी वर. सोबत म्हातारी आई, यशोदाबाई. तिचे गुडघे गेलेले. लिफ्ट होती म्हणून रोज संध्याकाळी देवळात जायची.

चौकीदार तानबा लिफ्ट घेऊन वर यायचा. दार हातानं धरून हाक मारायचा, "काकू, लिफ्ट आली जी!"

"थांब रे, आलीच!" म्हातारी आतून ओरडायची.

मग चप्पल, पदर, देवाचं फूल... तानबा बिचारा दार धरून उभा.

आदल्या दिवाळीत खाली मीटरच्या खोलीला आग लागली. तानबा म्हातारीसाठी लिफ्ट घेऊन वर धावला. हाक मारली. ती सवयीनं बोलून गेली, "थांब रे, आलीच!"

तेवढ्यात घनश्यामनं तिला पाठीवर घेतलं आणि मागच्या जिन्यानं खाली पळाला. घाबरलेला माणूस. तानबा त्याच्या डोक्यातच आला नाही.

तानबा थांबला.

लिफ्टच्या खड्ड्यातून सगळा धूर वर चढला. लोक पोचले तेव्हा तो बसलेला होता. एक हात दारावर.

तेव्हापासून लिफ्ट बंद, म्हातारी घरात कोंडलेली. "मले एकदा गिरडले नेजो रे," एवढंच म्हणायची; गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याचं दर्शन राहिलं होतं. म्हणून घनश्याम लिफ्टच्या मागेच लागला. मार्चमधल्या त्या दुपारी चाचणी होती; दुसऱ्या दिवशी नागपूरहून तपासणीचे साहेब येणार होते. आगीची घंटा वाजली की लिफ्टनं आपोआप तळमजल्यावर येऊन दार उघडून उभं राहायचं. एवढं जमलं की पास.

लिफ्टवाल्या कुंदननं लिफ्ट मधल्या मजल्यावर ठेवली आणि घंटा वाजवली.

लिफ्ट हलली... आणि वर गेली.

चौथ्यावर थांबली. दार उघडल्याचा आवाज आला.

"वायर उलटी लागली असंल," कुंदन हसला. तपासलं. सगळं बरोबर. लिफ्ट खाली आणली, पुन्हा घंटा वाजवली.

पुन्हा चौथा.

आता त्याचं हसू गेलं. लिफ्ट खाली आणून त्यानं मेन स्विचच पाडला.

"आता पाहू कशी जाते."

सगळं शांत झालं. आणि मग... त्यांच्या डोळ्यांदेखत लिफ्ट वर निघाली.

"दादा," कुंदन मागं सरकत म्हणाला, "करंट नाई जी तिच्यात..."

घनश्यामला एकदम आठवलं. वर आई एकटी आहे.

तेवढ्यात खड्ड्यातून आईचा आवाज आला...

"थांब रे, आलीच!"

घनश्याम जीव खाऊन जिना चढला.

लिफ्ट अंधारी. दार उघडं. आतून जळका वास. आणि भिंत धरल्याशिवाय न चालणारी आई, चप्पल घालून, पदर सावरून, एक पाय आत टाकत होती.

त्यानं तिला कवेत धरून मागं ओढलं. म्हातारी चिडली.

"सोड रे! किती ताटकळत ठेवू त्याले? दार धरून उभा आहे तो!"

आत कोणीच नव्हतं.

पण दार मिटायला जायचं... आणि मधेच अडायचं. पुन्हा मिटायला जायचं... पुन्हा अडायचं.

घनश्याम ढसाढसा रडला. "तानबा, मायले मी तेव्हाच खाली नेलं रे बाबा. तुले सांगाचं राह्यलं. जा आता तू."

दार मिटलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर लिफ्ट शहाण्यासारखी खाली आली. पास झाली! घनश्यामनं मात्र आईला पाठीवर घेतलं, जिना उतरला आणि पुलगावला बैठं घर केलं. गिरडलाही नेऊन आणलं. म्हातारी खूश होती. फक्त कधीमधी संध्याकाळी उगाच दाराकडे बघून म्हणायची, "थांब रे, आलीच." घनश्याम टीव्हीचा आवाज वाढवायचा.

अशाच एका संध्याकाळी तिनं चप्पल घातली. पदर सावरला. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "चाल बाबा, आली मी."

आणि मान कलली.

घरात रडारड सुरू असतानाच फोन वाजला. वर्ध्याहून कुंदन.

"दादा, कोणी बटन दाबलं नाई, घंटा वाजली नाई. लिफ्ट आपोआप चौथ्यावर गेली, जरा थांबली अन् खाली आली. दार उघडून उभी आहे..."

मग घाबरत विचारलं, "काकू बऱ्या आहेत ना जी?"

तेव्हापासून मी एवढंच करतो. कोणी हाक मारली तर "थांब, आलोच" म्हणत नाही. हातातलं टाकून उठतो आणि जातो.