मढ्यानंतरची फ्रेम

भुतांच्या जिवावर माझं पोट चालतं, त्यामुळे त्यांना घाबरणं मला परवडत नाही. आदिलाबादेत घरी बसून मी व्हिडिओ गेमचे आवाज तयार करते. आमच्या नव्या खेळात बंदूक नसते, जुना कॅमेरा असतो. भूत समोर आलं की फोटो काढायचा. फिल्म हीच गोळी, ती संपली की पळ काढायचा. खेळताना मी महाकंजूष, एक तरी फ्रेम राखून ठेवतेच.

खऱ्या कॅमेऱ्याचा खटका हवा होता, म्हणून दुपारी स्कूटीनं बेल्याला खुशालकाकांकडे गेले. त्यांचा फोटो स्टुडिओ कधीचाच बंद पडलाय, पण ते राहतात तिथंच. आत जुन्या पडद्याचा नि फोटो धुवायच्या आंबूस औषधांचा वास. दार लोटलं की माझाच श्वास मला ऐकू येत होता. आवाज टिपायला झकास जागा.

"याच्यात एक फ्रेम उरली हाय," काका कॅमेरा देत म्हणाले. "तुह्या काकूचा, चंपाचा शेवटचा फोटो याच रोलवर हाय. तिरडीवर ठेवायच्या आधी मीच काढला."

"मग रोल काऊन नाही संपवला?"

"मढ्यावर रोल संपवत नसतात. त्याच्यानंतर जित्या माणसाचा फोटो लागते. नाही तं मेलेलं माणूस फोटोवाल्याले न्यायले येते."

"मग काढायचा ना कोणाचा बी!"

काकांनी कॅमेऱ्यावरची धूळ बोटानं पुसली. "फ्रेम उरली हाय तवर ती पुरती गेली नाही, असं वाटते..."

मला गलबलून आलं. ते चहा सांगायला बाहेर गेले आणि मी ठरवलं, आल्या आल्या त्यांचाच फोटो काढायचा. रीतही पाळली जाईल, म्हातारा मोकळा होईल, मला खटकाही मिळेल. रेकॉर्डर लावून मी तयार राहिले.

आतल्या खोलीचा पडदा हलला. मागल्या दारानं आले वाटतं. खेळातल्या सवयीनं मी थांबले, अगदी जवळ येऊ दिलं. पडदा सरकला आणि मी बटण दाबलं.

खट्.

पडद्यापाशी कोणीच नव्हतं.

काका पुढच्या दारानं आले, दोन्ही हातांत चहा. "मागचं दार तं मी खिळे ठोकून बंद केलं," ते हळूच म्हणाले. मी फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढून पाहिला. अडकला होता. रोल संपला होता.

"वाऱ्यानं हलला असेल, काका. मी रोल धुऊन आणते. रिकामा पडदाच निघते का नाही, पाहा तुमी!" मी ठणकावून सांगितलं आणि कॅमेरा सोबत घेतला.

संध्याकाळी घरी हेडफोन लावला. खटका सुरेख आला होता. त्याच्यामागून, माइकच्या अगदी जवळ, बांगड्या वाजल्या. मग फोटो काढून झाल्यावर सगळेच विचारतात तसं कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "हलली तं नाही ना मी...?"

मी हेडफोन ओढून काढला. काकांना फोन लावला.

"काका, आत्ताच्या आत्ता तिथून निघा. आमच्याकडे या."

"काऊन वं? थांब... आतून कोणी तरी बोलवून राह्यलं."

"जाऊ नका, काका!"

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. स्टूल सरकलं. आणि मग फोनमधून ऐकू आलं... खट्.

तोच खटका. माझा कान यात चुकत नाही.

कॅमेरा माझ्यासमोर टेबलावर होता. मी लिव्हरला बोट लावलं. दुपारी अडकलेला तो लिव्हर आता सहज फिरला. आणखी एक फ्रेम उरली होती.