दोराचं दुसरं टोक

"मग दुसरं टोक कोण धरनार? मी?" आबेदानं पिठानं माखलेले दोन्ही हात दिराच्या पुढ्यात धरले. "सांग की युनूस. का गल्लीतनं कुनाला बोलवतोस?"

पौडच्या त्या घरामागच्या अंगणात भिंतीला मासे धरायच्या दोन काठ्या टेकवून ठेवल्या होत्या, एक आखूड, एक उंच. आणि काठ्यांच्या पलीकडे, दुकान अर्धवट लावून आत आलेला युनूसचा थोरला भाऊ, आबेदाचा नवरा नसीर उभा होता. मधे एवढंसं अंगण, आणि आईच्या मयतीपासूनचा अबोला.

उद्या सकाळच्या गाडीनं युनूस कोकणात निघणार होता. श्रीवर्धनला, एसटीतल्या नोकरीवर. काल रात्री ताटावर बसल्याबसल्या तो भाबीला म्हणाला होता, "आता हितं माझं काय न्हाई. परत येनार न्हाई मी." भाबीला म्हणाला होता, पण ते कुणासाठी होतं हे तिघांनाही कळलं होतं, आणि नसीरच्या हातातला घास हातातच राहिला होता...

जाताना त्याला घरातून एकच वस्तू हवी होती. पुळणीच्या वाळूवर उभं राहून समुद्रात गळ टाकता येईल अशी काठी; तिच्यावर बसवायची, दोर गुंडाळायची चरखी त्यानं आधीच घेतली होती. नसीरच्या दुकानात खिळे, दोरखंड, कंदिलाच्या काचा यांच्याबरोबर गळाचं सामानही असे. काठी दुसरीकडून घ्यावी तर आबेदा ऐकेना. आणि खरं म्हणजे युनूसचंही मन घेईना, कारण अब्बांची रीत त्याच्याही हाडात होती.

नवी काठी घरातल्याच दोघांनी पारखायची. एकानं काठी धरायची, दुसऱ्यानं दोराचं टोक मुठीला गुंडाळून मागं मागं जायचं, ओढायचं, हिसके द्यायचे. मासा व्हायचं. परका माणूस भिडेनं ओढतो नाहीतर ताकद दाखवायला ओढतो, काठीचा खरा जीव त्यात कळत नाही, असं अब्बा म्हणत.

आणि ज्या दोराच्या आधारानं अब्बा धरणाच्या पाण्यात उतरले आणि बुडाले, त्याचं दुसरं टोक नसीरच्या हातात होतं.

*

युनूसनं आखूड काठी उचलली. हवेत एकदा फिरवली. लवचीक, हलकी, मनगटाला लागलीच ओळख देणारी.

"हीच बरी. आन ही चरखी." चकचकीत लोखंडी चरखी त्यानं पुण्याहून आणली होती.

"ती धरनाची काठी हाय," नसीर म्हणाला.

"मग?"

"धरनाचं पानी एका जागी असतंय. दर्या तुझ्या अंगावर चालून येतोय. लाट फुटते तिच्या पलीकडं गळ पडाया पायजे, न्हाईतर फेसात लोळत परत तुझ्याच पायाशी येईल. उंच काठी घे. दोन्ही हातांनी फेकायची ती."

"कवा गेला हुतास दर्यावर?"

नसीर ओशाळला. "बाजाराला सुकट घिऊन कोकनातनं बाई येती, तिला इचारलं. तिचा नवरा पुळणीवर गळ टाकतो."

"तीन बाजार इचारतायत," आबेदा दारातून म्हणाली. "ती बाई म्हनली, एवढी चौकशी करतायसा, पोरगी देताय काय कोकनात."

युनूसच्या ओठाचा कोपरा हलला आणि पुन्हा घट्ट झाला.

"लोखंड खाऱ्या हवेत गंजनार," नसीरनं पिशवीतून दुसरी चरखी काढली. लाकडी, थाळीएवढी, पितळी आसाची. "हिच्यावर दोर लई बसतोय. वाळू शिरली तर खोलून धुता येती."

"दुकानात पडून हुती वाटतं. खपंना म्हनून मला."

आबेदानं श्वास आत ओढला. ती चरखी नसीरनं दुकान मिटल्यावर स्वतःच्या हातानं घासून गुळगुळीत केली होती. तिनं तोंड उघडलं, नसीरनं नुसतं पाहिलं, आणि तिनं तोंड मिटलं. असं पाहून पाहून त्यानं तिला किती वर्षं गप्प ठेवलं होतं...

"दोन्ही पारखून बघ," नसीर म्हणाला. "उंच पयली. मी मासा हुतो."

"तू?" युनूस हसला, पण ते हसू नव्हतं. "दोर धरशील? शेवटपतुर?"

चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला, आणि आबेदा जागची हलली नाही.

नसीरनं उजव्या हाताची पट्टी सोडली. थंडीत हात दुखतो असं तो सांगे, पण बांधे मात्र बारमाही. शेवटची दोन बोटं त्याला सरळ करता येत नसत. कडबा तोडताना कोयता बसला, असं सगळ्यांना माहीत होतं. नायलॉनचा दोर त्यानं मुठीला दोनदा गुंडाळला आणि मागं सरकू लागला. दोर जमिनीवरून उठला, सरळ झाला, ताणला गेला, आणि...

*

...आणि अब्बा ओरडले होते, "ओढ, नसीर."

छोटा युनूस शेवाळलेल्या खडकावरून घसरला होता. अब्बांनी गळाचा जाड रेशमी दोर कमरेला बांधला, दुसरं टोक पंधरा वर्षांच्या नसीरच्या मुठीला गुंडाळलं आणि उडी घेतली. पोराला त्यांनी काठावर ढकललं. मग खालच्या गाळानं त्यांचे पाय धरले. नसीर ओढत राहिला. दोर कातडीत शिरला, मांसात शिरला, तरी ओढत राहिला... दोर तुटला.

युनूस तापानं फणफणला. शुद्धीवर आला तेव्हा त्याला काहीच आठवत नव्हतं. त्या इवल्या, कोऱ्या चेहऱ्याकडे पाहून नसीरनं तिथंच ठरवलं, सगळा दोष आपल्या अंगावर घ्यायचा, म्हणजे पोराचं नाव कुणी काढणार नाही. गावाला सांगितलं, आईलाही सांगितलं: माझ्या हातून काठी पाण्यात गेली, ती आणायला अब्बा उतरले, आणि दोर माझ्या हातून सुटला.

मरेपर्यंत आईनं त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि ती गेली तसं युनूसनंही त्याच्याशी बोलणं टाकलं. खरं ठाऊक होतं ते एकट्या आबेदाला. लग्नानंतर एका दुपारी त्या हाताला तेल लावताना तिनं विचारलं होतं, आणि तो पहिल्यांदा रडला होता.

*

...काठीचं टोक वाकलं.

"ओढ की," युनूस म्हणाला.

नसीरनं ओढलं. उंच काठी कमरेतून वळली आणि चिवटपणे परत उभी राहिली. युनूसच्या दोन्ही हातांत तिचा जीव उतरला. पण दोरातून आणखी काहीतरी येत होतं. थरथर. ओढ जोराची होती, पण ती मुठीची नव्हतीच. बोटांना धरता येत नव्हतं म्हणून माणूस सगळ्या देहानिशी मागं झुकला होता.

"सोड आता. कळलं."

नसीरनं सोडलं नाही. कदाचित त्याला ऐकूच गेलं नाही. त्याचे डोळे मिटलेले होते.

युनूस काठी हातात धरूनच पुढं गेला. दोर सैल पडला, पण मुठीवरचे वेढे तसेच होते. तळव्यावरच्या जुन्या वणाच्या खाचेत दोर असा बसला होता, जणू ती खाच त्याच्यासाठीच कोरली होती. त्यानं भावाचं मनगट धरून हात उलटा केला. मागच्या बाजूलाही दोन पुसट पांढऱ्या रेषा. त्यांच्यावरही दोर.

कोयता हाताला वेढा घालत नाही.

"भाई," युनूस म्हणाला. कितीतरी वर्षांनी तो शब्द त्या अंगणात आला होता. "तू सोडला न्हवतास."

नसीरनं हात ओढून घ्यायला पाहिलं. युनूसनं सोडला नाही.

"तुटला हुता," नसीर हळूच म्हणाला.

"मग सुटला म्हनून का सांगितलंस? आईला तरी..." युनूसच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. "कुनाला वाचवीत हुतास?"

आबेदानं चौकट घट्ट धरली. आता एक शब्द, आणि या माणसाच्या छातीवरचा धोंडा उतरेल. एकच शब्द... तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो युनूसच्या चेहऱ्याकडे बघत होता, तापातून उठलेल्या पोराकडे बघावं तसा.

"कुनाला वाचवायचं रं," नसीर म्हणाला. "काठी माझ्याच हातनं पान्यात गेली हुती. सुटला काय, तुटला काय. अब्बा उतरले माझ्यापायी."

युनूसनं भाबीकडे पाहिलं. "खरं, भाबी?"

आबेदानं हातावरचं वाळलेलं पीठ चोळून काढलं.

"व्हय," ती म्हणाली. "काठीच हुती."

मग ती वळून चुलीकडे गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

युनूसनं खाली बसून भावाच्या मुठीवरचा एकेक वेढा उलगडला. दोर त्या लाकडी चरखीवर गुंडाळला. उंच काठी मांडीवर घेऊन दोघं पायरीवर टेकले.

"ईदला येतो," युनूस म्हणाला. "तवर तू ये तिकडं. तुझ्याबिगर मासा कोन हुनार?"

"येतो." नसीरनं पट्टी पुन्हा बांधायला घेतली, युनूसनं ती त्याच्या हातातून घेऊन आपण बांधली. "एक ध्यानात ठेव. दर्याकडं पाठ करायची न्हाई. आन गळ जाऊ दे, काठी जाऊ दे... कशापायी पान्यात उतरायचं न्हाई."

"न्हाई उतरनार." युनूसनं मान हलवली. त्याच्या आवाजात माया होती, आणि अब्बांवरचा थोडा रागही. "एका काठीपायी जीव दिला अब्बांनी. त्यांना बी कुनीतरी सांगाया पायजे हुतं."

नसीरनं भावाच्या पाठीवर हात ठेवला. त्या रुंद, जित्या, उबदार पाठीवर.

"व्हय," तो म्हणाला. "सांगाया पायजे हुतं."