ओकुमुरा-सान गस्तीला आले ती रात्र

सकाळी खाली आगीचं ड्रिल होतं. आपल्या इमारतीत अकरा भारतीय घरं. उतरलो किती? मी एकटा. ऋषी, तू तर गॅलरीतून मला हात केलास, कॉफीचा मग घेऊन. हसू नकोस. अक्षया, तो टीव्ही बंद कर आणि बस. एक गोष्ट सांगतो. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेली. दिगंबर केळशीकर. त्याने मला सांगितली तशीच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

दिगंबर इथे जपानातच, नागोयात इंजिनिअर. शहराचा कंटाळा आला म्हणून २०१६ साली त्याने आणि त्याच्या बायकोने, सुनेत्राने, डोंगरातल्या एका वाडीत घर भाड्याने घेतलं. पंचवीस-तीस घरं, मागे सुरूसारख्या उंच जपानी देवदारांचं रान. घरमालक मात्सुई-सान, तोच वाडीचा प्रमुख. सरकारी बंब यायला चाळीस मिनिटं लागायची. तोवर जे काय करायचं ते गावच्या पथकाने. शोबोदान म्हणतात त्याला. सुतार, शेतकरी, पोस्टातला माणूस, सगळे आपापलं काम टाकून धावणार. दिगंबरही त्यात गेला. पथकाचे म्होरके ओकुमुरा-सान, साठीचे सुतार. त्यांनी याला पाइप धरायला शिकवलं, वारा ओळखायला शिकवलं. एक गोष्ट तर दर रविवारी घोकून घ्यायचे, “दिगा-सान, आग चढ चढते. तिच्या वरच्या अंगाला कधी राहायचं नाही.”

१४ एप्रिल २०१८. महिनाभर पाऊस नाही, वर सोसाट्याचा वारा. सकाळी ओकुमुरा-साननी घरोघर फोन केले, आज काडीसुद्धा ओढू नका. मात्सुईलाही केला. दिगंबर ओकुमुरा-सानच्या शेजारीच उभा होता. पलीकडून मात्सुई म्हणाला, “हो हो, कळलं.”

आणि अकरा वाजता त्याने खालच्या ओढ्याजवळ कापलेलं गवत पेटवलं.

दिगंबरने पाहिलं. हातात दाताळं घेऊन मात्सुई गवत लोटत होता, मग घाबरून पायाने विझवायला लागला. दिगंबर पंप आणायला पळाला. पाच मिनिटांत सगळं रान धुराने भरलं, आग नेमकी कुठे ते दिसेना. पथक जमलं. वरच्या घरात एक म्हातारी एकटी राहायची, तिला आणायचं होतं. ओकुमुरा-साननी मात्सुईला विचारलं, “कुठून लागली?”

मात्सुई म्हणाला, “वरून. घाटरस्त्याकडून.”

कळलं का तुम्हाला? स्वतःचं नाव येऊ नये म्हणून! मग ओकुमुरा-सान ओढ्याकडच्या वाटेने चढले. त्यांना वाटलं, खालची बाजू मोकळी आहे. आग त्यांच्या पायाखालून वर आली. म्हातारी दुसऱ्या वाटेने आधीच उतरली होती. ते उतरले नाहीत.

“आणि दिगंबरकाका?” अक्षया, तेच सांगतोय.

दिगंबर पंप घेऊन आला तोवर ते चढून गेले होते. पण पुढे चौकशी झाली ना? अधिकाऱ्याने एकेकाला विचारलं, आग कुठून लागली? मात्सुई म्हणाला, एखाद्या ट्रेकरने सिगारेट टाकली असेल. वर म्हणाला, ओकुमुरा-सान जरा उतावळेच होते. मेलेल्या माणसाला! आणि दिगंबर? त्याच्या पर्मनंट रेसिडेन्सीच्या अर्जावर हमीदार म्हणून मात्सुईची सही होती. डोक्यावरचं छप्पर मात्सुईचं. तो म्हणाला, “वाकारिमासेन.” माहीत नाही.

मला त्याने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याला नको नको ते बोललो. वर्षभर फोन उचलला नाही त्याचा. अहवालात छापून आलं, कारण अज्ञात. ओकुमुरा-सानची बायको रोज सकाळी त्या जळक्या वाटेवर पाणी ठेवायची, आणि मात्सुई तिला वाकून नमस्कार करायचा. करायचा, निर्लज्ज!

पुढच्या वर्षी, १४ एप्रिल २०१९. रविवार. पुन्हा कोरड्या वाऱ्याचा इशारा आला, म्हणून पथकाची गस्त ठरली. साधं काम असतं. लाकडाच्या दोन दांड्या एकमेकींवर आपटायच्या, टक्, टक्, आणि ओरडायचं, “हि नो योजिन.” विस्तव सांभाळा. दिगंबरचा जोडीदार तापाने पडला होता. सुनेत्रा म्हणाली, “एकटा जाऊ नकोस, आज नको.” तो म्हणाला, “अर्ध्या तासाचं तर काम आहे.” रात्री आठ वाजता निघाला.

पहिली पाच-सहा घरं झाली. खिडक्यांतून टीव्हीचा उजेड, कुठे मासळी भाजल्याचा वास. देवळाच्या वळणावर त्याने दांड्या वाजवल्या. टक्, टक्.

मागून आवाज आला. टक्.

त्याला वाटलं, जोडीदार आला. वळून पाहिलं. रस्ता मोकळा.

चालायला लागला. टक्, टक्. मागून… टक्. आणि मग जळक्या लाकडाचा वास. वारा तर समोरून होता…

तो थांबला. दांड्या काखेत धरल्या, वाजवल्याच नाहीत. तरी वाजलं. आता पुढून. मात्सुईच्या गल्लीत.

पळून घरी जायचं होतं, म्हणाला. पाय तिकडेच गेले.

मात्सुईच्या दाराशी दिवा होता. दिव्याखाली कोणी नाही. आवाज बंद. वारा बंद.

कानाशी कोणीतरी बोललं. घोगरं. धूर गिळलेल्या माणसासारखं.

“दिगा-सान.”

…

“कुठून लागली?”

त्याने डोळे मिटले.

दंडावर हात पडला. पथकाच्या कोटाच्या बाहीवरून. गरम.

“कुठून लागली?”

दांड्या छातीशी धरलेल्या. डोळे मिटलेले. हात आवळला गेला. अंगावर येत होता तो राग, म्हणाला. भीती नाही रे, राग. वर्षभर साठलेला. आणि त्यातला अर्धा माझाच होता, म्हणाला, स्वतःवरचा.

“दिगा-सान…”

तेव्हा दिगंबर ओरडला. आधी मराठीत, मग जपानीत. सगळी वाडी ऐकेल असा. “मात्सुईने लावली! ओढ्याजवळ! मी पाहिलं! मी पाहिलं आणि खोटं बोललो!”

खिडक्या उघडल्या. मात्सुईचं दार सरकलं. मात्सुई बाहेर आला तो तावातावाने, पण उंबऱ्यातच थिजला. दिगंबरकडे पाहत नव्हता. त्याच्या शेजारी पाहत होता. जिथे कोणी नव्हतं तिथे.

“याला… याला कशाला आणलंस?”

आणि खाली बसला. कपाळ जमिनीला टेकवून. “खालून लागली. खालून लागली. मीच.” समोरच्या घरातल्या बायकांनी ऐकलं. ओकुमुरा-सानची बायकोही रस्त्यावर आली होती. ती पुढे आली. सपाता घातलेल्या पायांनी तशीच मात्सुईसमोर उभी राहिली. तो उठेपर्यंत. बराच वेळ तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी दिगंबरने लेखी जबाब दिला. मात्सुईनेही. अहवाल बदलला, ओकुमुरा-सानच्या नावावरचा डाग धुतला गेला. मात्सुईला शिक्षा काय झाली विचारू नका, माझं डोकं फिरतं. वाकून माफी आणि किरकोळ दंड. एका माणसाच्या जिवाला! दिगंबरला महिन्याभरात घर सोडावं लागलं, नवा हमीदार शोधावा लागला. तो म्हणतो, तेवढं तर माझं देणंच होतं. जबाब दिला त्या रात्री मी त्याचा फोन उचलला.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या वाडीवर गेलो. सुनेत्रा सामान बांधत होती. पथकाचा कोट परत द्यायचा म्हणून धुवायला काढला होता. मला म्हणाली, “भावजी, हे बघा. यांना अजून दाखवलं नाहीये.”

बाहेरून बाही कोरी. कुठे डाग नाही, सुरकुती नाही. मग तिने बाही उलटी केली.

आतलं अस्तर करपलेलं. अंगठा… आणि चार बोटं.